व्यवस्थापन शिक्षणातील संमिश्र अध्यापन : प्रश्न तंत्रज्ञानाचा की वेळेचा?

भारतातील उच्च शिक्षणाचा विस्तार गेल्या काही दशकांत मोठ्या वेगाने झाला आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात १,१६८ विद्यापीठे व ४५,४७३ महाविद्यालये होती आणि त्यांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ४ कोटी ३३ लाख होती. १८ ते २३ या वयोगटातील सकल नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हे प्रमाण २०३५ पर्यंत, व्यावसायिक शिक्षणासह, ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणजेच येत्या काळात आणखी कोट्यवधी विद्यार्थी उच्च शिक्षणाच्या दारात उभे राहणार आहेत. इमारती उभारता येतात, संगणक विकत घेता येतात. परंतु अनुभवी शिक्षकाचा वेळ त्या प्रमाणात वाढवता येत नाही. या पार्श्वभूमीवर प्रत्यक्ष वर्ग आणि ऑनलाइन अध्ययन यांचा मेळ घालणाऱ्या संमिश्र अध्यापन पद्धतीकडे धोरणकर्त्यांचे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक आहे.

तथापि या पद्धतीविषयीची चर्चा बहुतांशी उपकरणे, संकेतस्थळे आणि जोडण्या यांच्याभोवतीच फिरते. प्रस्तुत लेखात वेगळ्या बाजूने विचार केला आहे. संमिश्र अध्यापन हा मूलतः दुर्मीळ साधनाच्या वाटपाचा प्रश्न आहे आणि ते दुर्मीळ साधन म्हणजे शिक्षक व विद्यार्थी समोरासमोर असतात तो तास. तो तास कशासाठी वापरावा आणि कशासाठी वापरू नये, याचे उत्तर सापडले तर तंत्रज्ञानाची निवड सोपी होते. विद्यापीठातील व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम या दृष्टीने विशेष बोलका आहे.

संकल्पना आणि तिच्या सीमा

दूरशिक्षण, ऑनलाइन शिक्षण आणि संमिश्र शिक्षण या तीन संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. त्यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. दूरशिक्षणात विद्यार्थी व शिक्षक स्थळाने विलग असतात. छापील स्वयं-अध्ययन साहित्य, अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्रे व गृहपाठ हे त्याचे आधारस्तंभ होत. ऑनलाइन शिक्षणात संपूर्ण अध्यापन इंटरनेटद्वारे होते. संमिश्र शिक्षणात मात्र प्रत्यक्ष वर्ग कायम राहतो. अध्यापनाचा काही ठरावीक भाग ऑनलाइन होतो आणि हे दोन्ही भाग परस्परांना पूरक ठरतील अशा रीतीने आखलेले असतात. 'आखलेले' हा शब्द येथे कळीचा आहे. वर्गात नेहमीप्रमाणे व्याख्यान देऊन त्याचीच चित्रफीत रात्री विद्यार्थ्यांना पाठवली, तर ते संमिश्र अध्यापन नव्हे; ती केवळ पुनरावृत्ती होय.

संमिश्र अध्यापनाचे अनेक प्रकार प्रचलित आहेत. ठरावीक वेळापत्रकानुसार विद्यार्थी आळीपाळीने वर्ग, प्रयोगशाळा व संगणक यांवर काम करतात, तो आवर्तन प्रकार. मुख्य अध्ययन ऑनलाइन व शिक्षक गरजेनुसार मदतीस उपस्थित, तो लवचीक प्रकार. नियमित अभ्यासक्रमाला एखाद्या ऑनलाइन विषयाची जोड देणे, हा तिसरा प्रकार. यांपैकी आवर्तन प्रकारात मोडणारी 'फ्लिप्ड क्लासरूम' अर्थात उलटी वर्गपद्धती सर्वाधिक चर्चेत आहे. तीत संकल्पनेची ओळख विद्यार्थी घरी दृक्‌श्राव्य पाठातून करून घेतो आणि पूर्वी गृहपाठ म्हणून दिला जाणारा सराव वर्गात शिक्षकाच्या देखरेखीखाली करतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जोनाथन बर्गमन व ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शालेय शिक्षकांनी २००७ च्या सुमारास गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पाठ ध्वनिचित्रित करण्यास सुरुवात केली. तोपर्यंत जो वेळ व्याख्यानात जात होता तो मोकळा झाल्यावर वर्गात काय करता येईल, या विचारातून ही पद्धत नावारूपास आली.

भारतातील वाटचाल

भारतात या पद्धतीची पूर्वपीठिका महासाथीच्या कितीतरी आधीची आहे. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा 'साइट' हा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत राबवला गेला. ऑगस्ट १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर सुरू झाला. १९८५ च्या अधिनियमान्वये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. या विद्यापीठाने १९८७ मध्ये जे पहिले दोन अभ्यासक्रम सुरू केले, त्यांतील एक व्यवस्थापन पदविकेचा होता, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. २० सप्टेंबर २००४ रोजी 'एज्युसॅट' हा खास शिक्षणासाठी निर्मिलेला उपग्रह अवकाशात सोडण्यात आला. त्याच सुमारास भारतीय तंत्रज्ञान संस्था व भारतीय विज्ञान संस्था यांच्या 'एनपीटीईएल' या उपक्रमातून अभियांत्रिकीची व्याख्याने सर्वांसाठी खुली होऊ लागली.

९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम' या राष्ट्रीय मंचाचे उद्‌घाटन झाले. दृक्‌श्राव्य पाठ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन व चर्चामंच अशा चार अंगांनी त्यातील प्रत्येक अभ्यासक्रम रचला जातो. व्यवस्थापन विषयासाठी राष्ट्रीय समन्वयक म्हणून बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेकडे जबाबदारी सोपवण्यात आली. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ महासाथीमुळे शैक्षणिक संस्था बंद झाल्या आणि साऱ्या देशाने ऑनलाइन अध्यापनाचा सक्तीचा अनुभव घेतला. तो आपत्कालीन पर्याय होता. त्याला नियोजित संमिश्र अध्यापन म्हणता येणार नाही. पुढे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये संमिश्र प्रतिमानांचा पुरस्कार करण्यात आला. ऑनलाइन शिक्षणाला चालना देतानाच प्रत्यक्ष वर्गाचे महत्त्व त्यात स्पष्टपणे मान्य केलेले आहे.

नियमांच्या संदर्भात येथे ४० टक्क्यांचा उल्लेख दोन ठिकाणी येतो आणि परीक्षार्थींचा नेमका तेथेच गोंधळ होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये संमिश्र अध्यापनाविषयी जो संकल्पना-मसुदा प्रसृत केला, त्यात 'स्वयम'वरील विषय वगळता कोणत्याही एका विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन व उर्वरित ६० टक्के भाग प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याची मुभा सुचवली होती. २०२१ च्याच 'स्वयम' श्रेयांक विनियमांतील ४० टक्के मात्र वेगळे आहेत. एखाद्या सत्रातील एकूण विषयांपैकी किती विषयांचे श्रेयांक 'स्वयम'मधून मिळवता येतील, याची ती मर्यादा आहे. २०१६ च्या विनियमांत ती २० टक्के होती. पहिली मर्यादा विषयाच्या आतील वेळेची, तर दुसरी विषयांच्या संख्येची आहे.

व्यवस्थापन विषयाचे वेगळेपण

व्यवस्थापन शिक्षणात दोन प्रकारचे ज्ञान एकत्र नांदते. पहिले ज्ञान सांगता येण्याजोगे असते : ताळेबंद कसा वाचावा, मागणीची लवचीकता कशी मोजावी, साठा नियंत्रणाचे सूत्र काय, कंपनी कायद्यातील तरतुदी कोणत्या. दुसरे ज्ञान निर्णयक्षमतेचे असते : अपुरी माहिती हाती असताना मत बनवणे, ते इतरांसमोर मांडणे, विरोधी मुद्दा ऐकून त्यात बदल करणे, गटात काम करणे. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणाच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या प्रकारात स्मरण व आकलन यांचा भाग मोठा असतो, तर दुसऱ्यात उपयोजन, विश्लेषण व मूल्यमापन यांचा.

या दुसऱ्या प्रकारासाठीच व्यवस्थापन शिक्षणाने केस पद्धत, म्हणजे प्रसंग-अभ्यासाची पद्धत स्वीकारली. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये १९२० च्या दशकात ती स्थिरावली. १९६१ मध्ये कलकत्ता व अहमदाबाद येथे पहिल्या दोन भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. कलकत्ता संस्थेला मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या स्लोन स्कूलचे, तर अहमदाबाद संस्थेला हार्वर्डचे सहकार्य लाभले आणि अहमदाबादमार्गे केस पद्धत भारतात रुजली. या पद्धतीत विद्यार्थ्याने प्रसंगाचा मजकूर आधी वाचून येणे गृहीत असते व वर्गातील संपूर्ण वेळ चर्चेला दिला जातो. सूक्ष्मपणे पाहिल्यास ही उलट्या वर्गपद्धतीची जुनी, छापील आवृत्तीच म्हणावी लागेल. संमिश्र अध्यापनाचे तत्त्व व्यवस्थापन शिक्षणाला परके नाही, ते असे.

मात्र मोजक्या नामांकित संस्थांतील ही पद्धत सर्वसामान्य संलग्न महाविद्यालयांपर्यंत फारशी पोहोचली नाही. देशातील व्यवसाय प्रशासनाचे बहुसंख्य पदवीधर अशाच महाविद्यालयांतून बाहेर पडतात. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून बीबीए व तत्सम पदवी अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आणण्यात आले. तरीही अनेक वर्गांत आजही व्याख्या फळ्यावर लिहिल्या जातात, विद्यार्थी त्या उतरवून घेतात व परीक्षेत त्याच पुन्हा लिहितात. यात दोष केवळ शिक्षकाचा नाही. ६० ते १०० विद्यार्थ्यांचा वर्ग, ठरावीक तासांत संपवायचा अभ्यासक्रम आणि इंग्रजी पाठ्यपुस्तक समजावून सांगण्याची गरज, या परिस्थितीत पहिल्या प्रकारचे ज्ञानच सारा वेळ व्यापून टाकते आणि दुसऱ्या प्रकारासाठी वेळ उरत नाही.

एका घटकाचे उदाहरण

तत्त्व स्पष्ट होण्यासाठी एक घटक घेऊ. व्यवस्थापकीय अर्थशास्त्रात किंवा परिव्यय लेखांकनात ना-नफा ना-तोटा बिंदू शिकवला जातो. समजा, एका मसाला उद्योगाचा स्थिर खर्च दरमहा ९०,००० रुपये आहे. मसाल्याची विक्री किंमत किलोमागे २५० रुपये व बदलता खर्च १९० रुपये आहे. प्रत्येक किलोमागे स्थिर खर्च भरून काढण्यासाठी ६० रुपये उरतात. ९०,००० ला ६० ने भागले असता १,५०० किलो हे उत्तर येते. एवढी विक्री झाली की नफाही नाही व तोटाही नाही.

ही संकल्पना, तिचा आलेख व चार-सहा उदाहरणे पंधरा-वीस मिनिटांच्या दृक्‌श्राव्य पाठात उत्तम रीतीने सांगता येतात. ज्याला एकदा पाहून समजत नाही, तो विद्यार्थी पाठ थांबवून पुन्हा पाहू शकतो. वर्गात ही सोय नसते. पाठोपाठ पाच प्रश्नांची स्वयंचाचणी दिली की कोणाला काय समजले नाही हे शिक्षकाला वर्गात येण्यापूर्वीच कळते. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी स्थिर व बदलत्या खर्चाची गल्लत केली असेल, तर वर्गाची पहिली दहा मिनिटे तेवढ्याच मुद्द्याला देता येतात.

आता वर्गातील काम. याच उद्योगाची सध्याची विक्री १,६०० किलो आहे, म्हणजे नफा ६,००० रुपये. उत्पादनक्षमता २,२०० किलोची आहे. परगावचा एक व्यापारी ४०० किलो मसाला २१० रुपये दराने मागतो. मागणी स्वीकारावी काय? सूत्र सांगते की किलोमागे २० रुपये याप्रमाणे ८,००० रुपयांची भर पडेल व नफा १४,००० रुपये होईल, तेव्हा स्वीकारावी. पण सवलतीची वार्ता जुन्या ग्राहकांपर्यंत पोहोचली आणि त्यांनी किलोमागे अवघ्या ५ रुपयांची सूट मागितली तर? १,६०० किलोंवर ८,००० रुपये जातील आणि सारा लाभ नाहीसा होईल. मग त्या व्यापाऱ्याला वेगळ्या वेष्टनात, वेगळ्या नावाने माल द्यावा काय? तो पुढील महिन्यातही मागणी करील याची खात्री काय? उधारी किती दिवसांची? या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नाही. वर्गाचे दोन गट करून त्यांनी परस्परविरोधी बाजू मांडाव्यात, शिक्षकाने गृहीतके उघड करून दाखवावीत आणि शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याने आपला निर्णय कारणांसह एका पानात लिहून द्यावा. हे काम ध्वनिचित्रफीत करू शकत नाही; त्यासाठी अनुभवी माणूस समोर असावा लागतो.

तिसरा टप्पा वर्गानंतरचा. विद्यार्थ्याने आपल्या गावातील एखाद्या छोट्या व्यवसायाचा, मग ती पिठाची गिरणी असो वा झेरॉक्सचे दुकान, स्थिर व बदलता खर्च विचारून त्याचा ना-नफा ना-तोटा बिंदू काढावा व तो चर्चामंचावर मांडावा. आसाममधील चहाची टपरी आणि तमिळनाडूतील विणकामाचा छोटा कारखाना यांची आकडेमोड एकाच सूत्राने होते; मात्र त्यामागील परिस्थिती भिन्न असते, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या अनुभवातून उमगते.

याच रीतीने संपूर्ण विषयाचे नियोजन करता येते. चार श्रेयांकांच्या विषयासाठी ६० तास गृहीत धरले, तर ४० टक्क्यांच्या मर्यादेत २४ तास ऑनलाइन व ३६ तास वर्गात राहतात. नमुन्यादाखल, ऑनलाइन २४ पैकी १२ तास संकल्पना-पाठांना, ४ तास वाचनाला, ४ स्वयंचाचण्यांना व ४ गटचर्चेला द्यावेत. वर्गातील ३६ पैकी १६ तास प्रसंग-अभ्यासाला, १० तास आकडेमोडीच्या सरावाला, ६ तास विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाला व ४ तास वैयक्तिक मार्गदर्शनाला द्यावेत. विषयानुसार हे प्रमाण बदलेल. संख्याशास्त्रात सराव अधिक, मनुष्यबळ व्यवस्थापनात भूमिकानाट्य व चर्चा अधिक, असे तारतम्य शिक्षकाने ठेवावयाचे असते.

खर्चाचे अर्थशास्त्र

विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगजीवी कलांचा अभ्यास करताना एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. कारखान्यात यंत्रांमुळे दरडोई उत्पादन वाढते व वेतनही वाढते. परंतु वादकांना तीच रचना वाजवण्यास पूर्वीइतकाच वेळ व पूर्वीइतकीच माणसे लागतात. वेतन मात्र इतर क्षेत्रांबरोबर वाढतच राहते. परिणामी अशा सेवांचा खर्च सातत्याने वाढतो. यालाच पुढे 'खर्चाचा आजार' असे नाव मिळाले. आपल्याकडील उदाहरण द्यायचे तर विलंबित ख्याल दुप्पट वेगाने गाऊन गायकाची उत्पादकता वाढत नाही. अध्यापन हीदेखील बऱ्याच अंशी अशीच सेवा आहे.

संमिश्र अध्यापन या आजारावर मर्यादित उपाय ठरू शकते, कारण ते अध्यापनाचे दोन भाग करते. दृक्‌श्राव्य पाठाचा खर्च बहुतांशी स्थिर असतो. एकदा पाठ तयार झाला की आणखी एका विद्यार्थ्याने तो पाहिल्याने सीमान्त खर्च जवळजवळ शून्य येतो. प्रत्यक्ष चर्चेचा खर्च मात्र विद्यार्थिसंख्येबरोबर वाढतो. समजा, एका महाविद्यालयात तीन तुकड्यांना एकच पाठ दरवर्षी तीन वेळा, प्रत्येकी एक तास शिकवावा लागतो. तो ध्वनिचित्रित करण्यास १२ तास लागले, तर गुंतवलेला वेळ भरून निघण्यास चार वर्षे लागतील. परंतु अशाच तीन-तीन तुकड्या असलेल्या दहा महाविद्यालयांनी मिळून तो पाठ वापरला तर पहिल्याच वर्षी ३० तास वाचतील. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्र ध्वनिचित्रण करण्याऐवजी सामायिक साहित्य वापरणे किफायतशीर ठरते. 'स्वयम'सारख्या सार्वजनिक मंचाचे आर्थिक समर्थन याच तर्कावर उभे आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्वच ज्ञान सारखे टिकाऊ नसते. ना-नफा ना-तोटा बिंदूचा पाठ दहा वर्षे चालेल. पण वस्तू व सेवा कराच्या दरांवरील जुना पाठ २२ सप्टेंबर २०२५ रोजी दर बदलताच कालबाह्य झाला. ध्वनिचित्रणासाठी टिकाऊ संकल्पना निवडाव्यात व बदलता तपशील वर्गात किंवा सहज सुधारता येईल अशा टिपणात द्यावा, हे व्यवहार्य ठरते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न वाचलेल्या तासांचा आहे. ते तास लहान गटांतील चर्चेकडे वळवले तर गुणवत्ता वाढते. ते वेळापत्रकातून वगळून शिक्षकांची पदे रिक्त ठेवली तर विद्यार्थ्याच्या वाट्याला पूर्वीपेक्षा कमी शिक्षण येते. कागदोपत्री दोन्हींना संमिश्र अध्यापन म्हणता येईल. प्रत्यक्षात दुसरी गोष्ट खर्चकपात असते.

संशोधन काय सांगते

या पद्धतीच्या परिणामकारकतेविषयी उपलब्ध असलेला पुरावा सावधपणे वाचावा लागतो. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २००९ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. केवळ वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा संमिश्र पद्धतीने शिकणाऱ्यांची कामगिरी सरासरीने काहीशी सरस असल्याचे त्यात आढळले. मात्र त्याच अहवालाने हेही नोंदवले की संमिश्र गटाला अनेकदा अधिक अध्ययनवेळ व अधिक साहित्य मिळाले होते. त्यामुळे लाभाचे श्रेय केवळ माध्यमाला देता येत नाही. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच असे प्रतिपादन केले होते की अध्ययनावर परिणाम माध्यमाचा होत नसून त्यातून वापरलेल्या अध्यापनपद्धतीचा होतो.

दोन अभ्यास आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहेत. 'खर्चाचा आजार' मांडणाऱ्या जोडीतील विल्यम बोवेन यांनी पुढे सहकाऱ्यांसह अमेरिकेतील सहा सार्वजनिक विद्यापीठ-परिसरांत प्रारंभिक संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांची गटवारी यादृच्छिक पद्धतीने केली होती. एका गटाला आठवड्यातून तीन-चार तासांचे नेहमीचे वर्ग, तर दुसऱ्याला संगणकाधारित अध्ययन व आठवड्यातून केवळ एक तास वर्ग होता. दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखीच आढळली आणि दुसऱ्या गटाला एकूण वेळ सुमारे एक चतुर्थांशाने कमी लागला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सूक्ष्म अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे वर्गातील, संमिश्र व पूर्णतः ऑनलाइन असे तीन गट यादृच्छिक पद्धतीने पाडले होते. अंतिम परीक्षेत पूर्णतः ऑनलाइन गटाचे गुण वर्गातील गटापेक्षा ५ ते १० गुणांनी कमी भरले. संमिश्र गट व वर्गातील गट यांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.

या निष्कर्षांचा अर्थ असा की समोरासमोरच्या अध्यापनाचा काही भाग कमी केला तरी चालते, पण तो शून्यावर आणल्यास नुकसान होते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर वर्गातील पहिल्या काही तासांची सीमान्त उपयुक्तता फार मोठी असते.

उपलब्धतेचा प्रश्न

परदेशातील निष्कर्ष जसेच्या तसे भारताला लागू करता येत नाहीत, कारण घरी पाठ पाहता येणे हे येथे सर्वत्र गृहीत धरता येत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के व शहरी भागातील २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. इंटरनेटची सोय ग्रामीण १४.९ टक्के व शहरी ४२ टक्के कुटुंबांना होती. त्यानंतर मोबाइल इंटरनेटचा प्रसार झपाट्याने झाला, परंतु कुटुंबात मोबाइल असणे व तो विद्यार्थ्याच्या हाती असणे यांत अंतर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ३३.३ टक्के स्त्रियांनी व ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले. स्वतः वापरता येईल असा मोबाइल ५४ टक्के स्त्रियांकडे होता.

याचा परिणाम दुहेरी होतो. पूर्वीच्या व्यवस्थेत साधनहीन विद्यार्थ्याला निदान वर्गातले व्याख्यान तरी इतरांइतकेच मिळत असे. उलट्या वर्गपद्धतीत तो पाठ न पाहता येतो, चर्चेत मागे पडतो आणि त्याची उणीव सर्वांसमोर उघडी पडते. समतेची काळजी घेतली नाही तर संमिश्र अध्यापन विषमता वाढवते. यावरील उपाय महागडे नाहीत. महाविद्यालयाचे ग्रंथालय व संगणककक्ष सकाळ-संध्याकाळ खुले ठेवणे, पाठ मोबाइलवर उतरवून जाळ्याविना पाहता येईल अशा लहान आकारात देणे, त्याची छापील संहिता उपलब्ध करणे आणि वेळापत्रकातच एक पर्यवेक्षित स्वाध्याय तास ठेवणे, एवढ्याने बराच फरक पडू शकतो. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची, २०११ मध्ये मंजूर झालेली व पुढे 'भारतनेट' नावाने ओळखली जाणारी योजना या दृष्टीने पायाभूत आहे.

भाषेचा प्रश्नही उपलब्धतेचाच भाग होय. व्यवस्थापनाचे दर्जेदार साहित्य प्रामुख्याने इंग्रजीत आहे. संकल्पना-पाठ मातृभाषेत व पारिभाषिक संज्ञा इंग्रजीसह दिल्यास विद्यार्थ्याचे आकलन वाढते आणि व्यवसायाची भाषाही त्याच्या हाती येते.

शिक्षक आणि मूल्यमापन

संमिश्र पद्धतीत शिक्षकाचे काम कमी होत नाही, बदलते. व्याख्यानाची तयारी एकदा करून ती वर्षानुवर्षे वापरता येते. चर्चा मात्र दरवेळी नव्याने घडवावी लागते. स्वयंचाचण्यांची फलिते पाहणे, चर्चामंचावर उत्तरे देणे, एकपानी निर्णयपत्रे तपासणे यांस वेळ लागतो. कार्यभाराच्या गणनेत हा वेळ धरला नाही, तर उत्साही शिक्षकही वर्षभरात जुन्या पद्धतीकडे वळेल. त्याचप्रमाणे चर्चा चालवण्याचे कौशल्य आपोआप येत नाही. त्यासाठी प्रशिक्षण हवे.

मूल्यमापनाची सांगड पद्धतीशी घातली नाही तर बाकी सारे व्यर्थ ठरते. वर्गात निर्णयक्षमतेचा सराव आणि परीक्षेत मात्र 'व्याख्या द्या' असा प्रश्न, अशी विसंगती असेल तर विद्यार्थी परीक्षेचेच ऐकतो. शिवाय २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित लेखनसाधने सर्वांच्या हाती आल्यामुळे घरून लिहून आणलेल्या निबंधावर पूर्ण विसंबता येत नाही. लेखी काम घरी आणि त्यावरील तोंडी उलटतपासणी वर्गात, अशी जोड दिल्यास विद्यार्थ्याचे खरे आकलन कळते. समोरासमोरच्या तासाचे मोल या नव्या परिस्थितीत आणखी वाढले आहे.

समारोप

विद्यार्थिसंख्येची वाढ, शिक्षकांची मर्यादित उपलब्धता आणि निर्णयक्षम मनुष्यबळाची गरज या तिहेरी आव्हानाला सामोरे जाताना संमिश्र अध्यापनाला पर्याय नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. परंतु त्याचे यश ऑनलाइन भाग किती टक्के आहे यावरून मोजता येणार नाही. संकल्पना सांगण्याचे काम सामायिक पाठांकडे सोपवून वर्गातील तास चर्चेसाठी, सरावासाठी व मार्गदर्शनासाठी खऱ्या अर्थाने मोकळा झाला काय. तो तास वेळापत्रकात टिकला काय. आणि ज्याच्या घरी संगणक नाही अशा विद्यार्थ्यालाही त्या तासाला तयारीनिशी बसता आले काय, हे तीन निकष लावले पाहिजेत. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर २०३५ चे उद्दिष्ट गाठताना पदवीधरांच्या संख्येबरोबर त्यांची गुणवत्ताही वाढू शकेल.